ज्याचा बिल्ला त्यानंच काढायचा

१

आमच्या शेडमध्ये इंजिन एकच आणि त्याच्यावर हक्क सांगणारे डझनभर. इंजिन कोळशावर चालतं, आम्ही कौतुकावर. रेल्वेनं ही छोटी लाइन केव्हाच सोडून दिली, तेव्हा थोडे रूळ, दोन स्टेशनं, चार डबे आणि वाफेवर चालणारं हे काळं धूड आमच्यासारख्या हौशी लोकांच्या गळ्यात पडलं. गळ्यात पडलं म्हणजे काय, आम्हीच मान पुढे केली. दर रविवारी आम्ही ते चालवतो. इंजिन पेटताना बघायला मिळावं म्हणून माणसं लांबून सकाळी सकाळी येतात, पहिला धूर छातीत भरून घेतात आणि "आमच्या लहानपणी" असं म्हणून डोळे मिटतात. त्यातल्या निम्म्यांच्या लहानपणी गाड्या विजेवर धावत होत्या, पण मी गप्प बसतो.

गप्प बसतो ते तेवढ्यापुरतंच. एरवी डब्याडब्यांतून फिरून पाहुण्यांना गोष्टी सांगणं हेच माझं काम. हे इंजिन पूर्वी बोगद्याला बिचकायचं म्हणून ड्रायव्हर त्याच्या दिव्यावर टॉवेल टाकून त्याला आत न्यायचा, ही माझी. एका स्टेशनमास्तरवर रुसून ते तीन दिवस उलटंच चाललं, हीसुद्धा माझी. लोक हसतात, टाळ्या वाजवतात, एखादा ते खरं मानून घरीही जातो. शेडमध्ये सगळे मला थापाड्या म्हणतात, तोंडावर म्हणतात, आणि मीही ओ देतो.

पण एका गोष्टीची थट्टा मीसुद्धा करत नाही. ती म्हणजे बिल्ला.

आमच्यात प्रत्येकाचा एक पितळी बिल्ला असतो, त्यावर ज्याची त्याची खूण ठोकलेली. माझ्या बिल्ल्यावर पोपट आहे. का, ते विचारू नका. इंजिनाच्या भट्टीत साफसफाईला किंवा दुरुस्तीला शिरायचं असेल, तर आधी आपला बिल्ला भट्टीच्या दाराशेजारच्या हुकावर अडकवायचा. बाहेर आलं की काढायचा. हुकावर बिल्ला आहे तोवर आत माणूस आहे, मग काडीसुद्धा ओढायची नाही. आणि ज्याचा बिल्ला त्यानंच काढायचा. "विसरला वाटतं बिचारा" असं म्हणून दुसऱ्यानं काढायचा नाही, कारण माणूस विसरलाय की आत आहे, हे हुकाला कळत नाही.

त्या शनिवारी दुपारी भट्टीत माझा साडू शिरला होता.

साडू तो नंतर झाला, मित्र आधीपासूनचा. बायकोच्या धाकट्या बहिणीसाठी त्याचं स्थळ मीच सुचवलं, आणि त्याबद्दल मेहुणी मला अजून ऐकवते. "भाऊजी, तुम्ही मला नवरा दिलात की इंजिनाला सवत?" असं चारचौघांत विचारते. तिचंही चुकत नाही. साडोबाची प्रत्येक सुट्टी शेडमध्ये जायची. नखांत कायम काळं वंगण, कितीही घासलं तरी न निघणारं. त्याच्या बिल्ल्यावर कासव होतं. काम सावकाश, पण पक्कं.

भट्टीच्या भिंती लांब खिळ्यांनी बॉयलरला जखडलेल्या असतात. त्या प्रत्येक खिळ्यावर हातोडी मारून आवाज ऐकायचा. शाबूत खिळा खणखणतो, तुटलेला भद्द वाजतो. हे काम साडोबाचं. तो दोनदा मारायचा, थांबून ऐकायचा, मग खात्रीला एकदा. टण टण, आणि मग टण. मी बाहेर बसून पितळी नळ पुसत होतो आणि त्याला आतून काही ऐकू जात नाही हे माहीत असूनही त्याला गोष्ट सांगत होतो.

संध्याकाळ व्हायच्या आत तो बाहेर आला. चहा घेतला नाही. हात धुतले नाहीत. "निघतो" म्हणाला आणि निघाला. मी आवराआवर केली, खिडक्या लावल्या, आणि दाराला कुलूप घालताना सहज मागे बघितलं तर हुकावर कासव लटकत होतं.

२

रविवारी सकाळी फलाटावर पाहुण्यांची गर्दी झाली, कॅमेरे सरसावले, आणि आमचे फोरमन हुकापाशी कमरेवर हात ठेवून उभे. फोरमन म्हणजे एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. इंजिनाचा स्क्रू त्यांनी आयुष्यात फिरवला नसेल, पण दरारा असा की इंजिनसुद्धा त्यांच्यासमोर शिट्टी हळू मारतं.

"कासव कोणाचं, हे मी विचारत नाही," ते म्हणाले. "कासवाचा मालक कुठे आहे, ते विचारतोय."

"घरी असेल, सर. काल गेला तो माझ्यासमोर."

"भट्टीत बघितलंस?"

"बघितलं. रिकामी आहे."

"मग बोलाव त्याला."

भट्टी पेटवण्याचं काम डॉक्टरीणबाईंकडे असतं. आठवडाभर त्या लोकांचे दात काढतात आणि रविवारी भट्टीच्या तोंडात पेटतं फडकं टाकतात. तेलात भिजवलेलं फडकं हातात घेऊन त्या उभ्या होत्या. "लवकर बोलवा," त्या म्हणाल्या, "नाहीतर मी त्यालाच खुर्चीत बसवीन."

साडू आला. अंगात इस्त्रीचा शर्ट. शेडच्या दारातूनच म्हणाला, "एवढ्यासाठी बोलावलंत? काढून टाका की."

"तूच काढ," मी म्हणालो.

"मी सांगतोय ना काढा म्हणून. माझी परवानगी आहे."

"परवानगी तू कसली देतोस?" फोरमन म्हणाले. "चार पावलं ये, हात वर कर, काढ."

तो हसला. हसणं त्याचंच होतं. पण तो आला नाही. "राहू दे," म्हणाला, "मला नाही चढायचं त्याच्यावर आज."

तेव्हा माझं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. तो रुळावर उभा होता. दोन्ही पाय जोडून, तारेवर पाखरू बसावं तसा. आता, रेल्वेशी ज्याचा जरासुद्धा संबंध आला आहे तो माणूस रुळावर पाय देत नाही. रूळ गुळगुळीत असतो, पाय सटकतो, माणूस आडवा होतो. शेडमध्ये पहिल्याच दिवशी हे शिकवतात, आणि मला ते साडोबानंच शिकवलं होतं. माझ्या पाठीत धपाटा घालून.

"पाय," मी म्हणालो.

"काय पाय?" तो म्हणाला, आणि तसाच उभा राहिला.

त्या दिवशी वाफेची गाडी निघाली नाही. फोरमननी नियम मोडला नाही. पाहुण्यांना पिवळ्या डिझेलच्या डबड्यामागे बसवून फिरवून आणलं, ज्याला आम्ही कोणी इंजिन म्हणतच नाही. ते हिरमुसले आणि आमच्यातले सगळे माझ्याकडे संशयानं बघू लागले.

"तुमच्या दोघांचं काहीतरी नाटक चाललंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चांगलं वठलंय, पण आता पुरे."

माझा संशय उलटा होता. मला वाटत होतं, नाटक यांचंच आहे. मी इतकी वर्षं यांना थापा मारल्या, आता सगळ्यांनी मिळून साडोबाला फितवलंय आणि मला उल्लू बनवताहेत. खरं सांगायचं तर मी मनातून खूशच झालो. म्हटलं, जमतंय लेकांना.

३

डिझेल पाहुण्यांना घेऊन गेलं, साडू घरी परतला आणि शेडमध्ये मी एकटा राहिलो. दुपारचं ऊन छपराच्या काचांतून इंजिनाच्या पाठीवर पडलं होतं. सगळीकडे शांत. मी स्टुलावर बसून भाकीत करत होतो की आता कोणत्या कोपऱ्यातून कोण "भॉ" करणार.

टण टण.

मी हललो नाही.

टण.

थंड लोखंड उन्हानं तापलं की वाजतं, हे मला माहीत आहे. पण ते वेळीअवेळी वाजतं, कडकडतं. असं दोनदा वाजून, कान देऊन, मग एकदा वाजत नाही. हातोडीचा हात म्हणजे सहीसारखा असतो. फोरमनचा हात वेगळा, माझा वेगळा. हा कोणाचा, ते सांगायला नको.

"छान," मी मोठ्यानं म्हणालो. "खाली कोण आहे?"

इंजिनाखालच्या खड्ड्यात उतरलो. तिथे राख, एक जुनं फडकं आणि माझीच हरवलेली टोपी. माणूस नाही. वर चढलो, भट्टीचं दार उघडलं, दिवा आत धरला. भट्टी म्हणजे एक लोखंडी खोली, माणूस वाकून मावेल एवढी. खाली जाळी, वर विटांची कमान, आणि समोरच्या भिंतीत ओळीनं गोल गोल भोकं. ती नळ्यांची तोंडं. भट्टीची आग त्या नळ्यांतून बॉयलरभर पळते आणि पाणी उकळवते. एकेक नळी मनगटाएवढी. त्यात उंदीर जाईल, फार तर मांजरीचं पिल्लू.

खोली रिकामी होती.

मी दार लावून घेतलं. खिशातली किल्ली काढून दारावर वाजवली. गंमत म्हणून. टक टक टक, अशी तीनदा.

मी दाराला कान लावला. मग, अगदी लांबून, इंजिनाच्या पार नाकाकडून आल्यासारखं, तीनदा.

मला त्याही वेळेस वाटलं की कुठेतरी तार आहे, भोंगा आहे, कोणीतरी बटण दाबतंय. मी सगळी शेड पालथी घातली. तार सापडली नाही. ती सापडावी म्हणून मी, फार वर्षांनी देवाकडे काहीतरी मागावं तशी, मागणी करत होतो, हे मात्र तेव्हा माझ्या लक्षात आलं.

४

दोन दिवसांनी मी साडूच्या घरी गेलो. बायकोनं बहिणीसाठी काही कपडे दिले होते, तेवढं निमित्त पुरलं.

दार त्यानंच उघडलं. खांद्यावर पुसायचं फडकं. भांडी धूत होता. आमचा साडोबा, ज्याला स्वतःच्या घरात पाण्याचा पेला कुठे असतो ते ठाऊक नव्हतं.

"ये ये," म्हणाला आणि हात पुढे केला. त्याचा हात मी हातात घेतला. रविवारी पेटवलेलं इंजिन सोमवारी सकाळी हाताला जसं लागतं, तसा तो होता. कोमट. तळवा, बोटं, मनगट, सगळं एकसारखं. नखं स्वच्छ, गुलाबी, कोवळी.

भिंतीवरचे इंजिनांचे फोटो जागच्या जागी होते. तो त्यांच्याकडे पाठ करून बसला.

मी मनात एक डाव रचला. साडोबा आणि मी एवढी वर्षं एकत्र, पण माझी थाप त्याच्या समोर कधी तीन वाक्यं टिकली नाही. मी तोंड उघडलं की तो भुवई वर करायचा आणि एकच शब्द टाकायचा, "थाप." मेहुणीच्या लग्नात मी भाषण करत होतो तेव्हासुद्धा त्यानं नवरदेवाच्या खुर्चीतून तो टाकला होता.

"आठवतं का रे," मी म्हणालो, "आपण दोघं त्या लांब बोगद्यात अडकलो होतो? इंजिन बंद, दिवा बंद?"

असं कधीही घडलं नव्हतं.

"आठवतं की," तो म्हणाला.

"आणि मग तो म्हातारा आला."

"कंदील घेऊन," तो म्हणाला. "एका पायात बूट होता त्याच्या."

एका पायातला बूट मी पुढच्या वाक्यात घालणार होतो.

मेहुणी चहा घेऊन आली. ती बदलली होती, म्हणजे बरी दिसत होती. ओढलेला चेहरा सैलावला होता. मी निघालो तेव्हा ती जिन्यापर्यंत आली आणि मागे वळून घराचं दार तिनं हलकेच ओढून घेतलं.

"भाऊजी, तो बिल्ला काढून टाका तिथून."

"ज्याचा आहे तो काढेल."

"तो नाही यायचा आता. मला म्हणाला, रविवारी घरीच असेन. काल मला विचारलं, आज तुझ्या ऑफिसात काय झालं. मी सांगितलं. तर ऐकलं त्यानं, शेवटपर्यंत. लग्न झाल्यापासून त्यानं हे कधी विचारलं नव्हतं."

"तुला काही वेगळं वाटत नाही?"

"वाटतं ना. तेच तर सांगतेय."

"अगं, तसं वेगळं नाही."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. माझी मेहुणी मूर्ख नाही. माझ्या बायकोच्या घरात कोणीच मूर्ख नाही, हे मला महागात पडलेलं आहे.

"भाऊजी," ती हळू म्हणाली, "तुम्ही तिथे काही शोधत बसू नका. एवढं करा माझ्यासाठी."

५

मी ऐकलं नाही. शनिवारी दुपारी पोपट हुकावर अडकवला, कासवाच्या शेजारी, आणि भट्टीत शिरलो. बाहेर फोरमन खुर्ची टाकून पेपर वाचत होते. त्यांना म्हटलं, "सर, मी बाहेर येईपर्यंत जागचे हलू नका." ते म्हणाले, "मी तुझा नोकर आहे का?" पण हलले नाहीत. माणूस चांगला आहे.

भट्टीत सगळे आवाज जवळ येतात. आपला श्वास आपल्याच कानाला लागतो. जुन्या राखेचा आंबूस वास. मी कमानीखाली उकिडवा बसलो आणि दिवा विझवला, कारण मला नळ्या बघायच्या होत्या. इंजिनाच्या नाकावरचं धुराचं दार मी आधीच उघडून ठेवलं होतं, त्यामुळे प्रत्येक नळीच्या पार टोकाला उजेडाचा एक एक बारीक रुपया दिसत होता. काळ्या भिंतीवर ओळीनं मांडलेले उजेडाचे रुपये. मनात आलं, हे पाहुण्यांना दाखवायला हवं.

वरच्या ओळीतला एक रुपया विझला.

कोणीतरी पुढच्या दारापाशी आलं असेल, म्हणून मी हाक मारली. "सर, पुढे कोणी आहे का?"

"कोणी नाही," फोरमनचा आवाज मागून आला, जिथे यायला हवा तिथूनच. "मी इथेच आहे. बोंबलू नकोस."

विझलेला रुपया परत लागला आणि शेजारचा विझला. मग त्याच्या शेजारचा. ओळ संपली, खालची ओळ सुरू झाली. सावकाश, एकही न चुकवता, कोणीतरी एकेका नळीला डोळा लावत माझ्या उंचीपर्यंत खाली येत होतं.

माझ्या चेहऱ्यासमोरच्या नळीपाशी ते थांबलं.

मला ओरडायचं होतं. पण आयुष्यभराची सवय, तोंडातून भलतंच निघालं. "साडोबा," मी त्या नळीत म्हणालो, "तू नाहीस तर इंजिनाला आम्ही गुलाबी रंग दिलाय. समितीनं ठराव केला. फोरमनच्या बायकोनं रंग निवडला."

नळीतून थंड हवा माझ्या ओठांवर येत होती, थांबत होती, येत होती.

मग एक आवाज आला. आवाज म्हणण्याइतका तो नव्हता. लांब पाइपातून एखादा शब्द घासत आणावा तसा.

"थाप."

मी बाहेर कसा आलो ते आठवत नाही. गुडघे सोलले होते. फोरमननी माझा बिल्ला मला काढायला लावला, कारण नियम नियम आहे, आणि मग मला पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. नळ्या, डोळा, आवाज, घरातला तो, त्याचा कोमट हात. सांगताना मला माझंच ऐकू येत होतं, आणि ते सगळं उत्तम रंगत होतं, हीच पंचाईत होती.

फोरमननी पूर्ण ऐकून घेतलं. "चांगली आहे," ते म्हणाले. "तुझ्या आजवरच्या सगळ्यांत चांगली. उद्या डब्यात हीच सांग."

"सर, आत माणूस आहे."

"मनगटाएवढ्या नळीत?"

मी भट्टीच्या दाराकडे बोट दाखवलं.

"हे बघ," ते म्हणाले, "दोन रविवार इंजिन बंद राहिलं तर ही माणसं परत यायची नाहीत. नियम मी मोडणार नाही, पण नियमाला एक फट आहे. आपल्यातला कोणी वारला की त्याचा बिल्ला शेवटचा या हुकावर लावायचा आणि घरच्यांनी येऊन काढायचा, तसं आपण करत आलोय. म्हणजे घरच्यांचा हात चालतो. मी तुझ्या मेहुणीला फोन केलाय. ती येतेय उद्या."

"पण ते वारलेल्यांचं झालं."

"मग हा तर धडधाकट आहे," फोरमन म्हणाले आणि पेपरची घडी घातली. "मग तर काहीच हरकत नाही."

६

रविवारी गर्दी दुप्पट होती. मागच्या वेळी इंजिन पेटलं नाही ही बातमी पसरली होती, आणि न मिळालेल्या गोष्टीचं माणसाला जास्त वेड. सगळे इंजिनाच्या भोवती अर्धगोल करून उभे. साडू मेहुणीबरोबर आला, पण शेडच्या दाराशी थांबला. ती एकटी पुढे आली.

मी तिच्या आधी वर चढून भट्टीच्या दारापाशी जागा धरली होती.

"बाजूला व्हा, भाऊजी."

"एकदा आत बघ," मी म्हणालो. "मग काय करायचं ते कर. एकदाच."

"भाऊजी, लोक बघताहेत."

"बघू दे. तू आत बघ."

ती वाकली. मी दिवा धरला. भट्टीत कोळशाचा थर, त्यावर लाकडं रचलेली, डॉक्टरीणबाईंचं काम नेहमीसारखं नेटकं. समोरची नळ्यांची भिंत. भिंतीवर काही नव्हतं आणि मला क्षणभर असं हलकं वाटलं की मी हसणारच होतो.

मग मधल्या ओळीतल्या एका नळीच्या काठावर, आतल्या बाजूनं, चार बोटं आली. फक्त पेरं. माणूस उंच भिंतीच्या कडेला धरून लोंबकळतो, तशी काठाला घट्ट धरलेली. नखं काळी होती. वंगणानं भरलेली, कितीही घासलं तरी न निघणारी.

मेहुणीचा श्वास माझ्या कानाशी थांबला. तिनं बघितलं. यात मला शंका नाही, बाकी कशातही असेल. त्या नखांवरून तिनं आयुष्यभर वाद घातला होता. साबण, लिंबू, ब्रश. "निदान माझ्या अंथरुणात तरी हे काळं नको," असं ती एकदा माझ्या बायकोजवळ रडत म्हणाली होती.

बोटं हलली. एका बोटानं लोखंडावर अगदी हळू टिचकी मारली.

ती सरळ उभी राहिली. तिनं शेडच्या दाराकडे बघितलं. तिथे तो उभा होता, इस्त्रीच्या शर्टात, तिची पर्स हातात धरून, तिच्याकडे बघत. इंजिनाकडे नाही, फक्त तिच्याकडे.

"अगं," मी म्हणालो, "तुझा नवरा आत आहे."

"माहीत आहे मला माझा नवरा कुठे असतो," ती म्हणाली. "कायम तिथेच होता तो."

तिनं हात वर केला आणि कासव काढलं. पितळ हुकावर किणकिणलं. डॉक्टरीणबाईंनी आमच्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी हुक बघितला. हुक रिकामा होता. तेवढंच बघायचं असतं.

"पेटवू?" त्यांनी विचारलं.

मी भट्टीच्या दारासमोर आडवा उभा राहिलो. दोन्ही हात पसरले. "पेटवू नका," मी ओरडलो. "आत माणूस आहे. मी बघितलाय. त्याची बोटं बघितलीत. जो बाहेर फिरतोय तो तो नाही. ऐका माझं, आत माणूस आहे."

अर्धगोल एक पाऊल पुढे सरकला. मग मागून कोणीतरी म्हणालं, "हाच तो गोष्टी सांगणारा." कोणीतरी हसलं, आणि टाळ्यांना सुरुवात झाली. कॅमेरे माझ्याकडे वळले. फोरमनसुद्धा कौतुकानं मान हलवत होते.

माझ्या कोपराला हात लागला. कोमट, एकसारखा. बिल्ला निघाल्यावर साडू पहिल्यांदाच इंजिनावर चढला होता. तो पाहुण्यांकडे बघून हसला, नाटकातल्या माणसाला पडद्यामागे न्यावं तसं त्यानं मला आदबीनं बाजूला घेतलं, आणि माझ्या कानात अगदी माझ्याच लयीत म्हणाला, "आणि मग काय झालं, ते सांग ना त्यांना."

डॉक्टरीणबाईंनी फडकं आत टाकलं. आतून टण टण आलं, आणि पुढचं टण यायच्या आत टाळ्या वाढल्या. मी ओरडत होतो, आणि मी जितका ओरडत होतो तितक्या त्या वाढत होत्या.

टाळ्या थांबल्या तेव्हा भट्टीनं पेट घेतला होता.